वगळलेल्यांची कारणं

सर कुठलाही शोधनिबंध मागून वाचायचे. आपण सगळे आधी शीर्षक वाचतो, मग सारांश, आणि सारांशावर भागलं तर तिथंच थांबतो. (मी तर शीर्षकावरही भागवलेलं आहे.) सर थेट शेवटच्या पानांवर जायचे. तिथं बारीक टायपात एक तक्ता असतो: कोणते अभ्यास आम्ही पूर्ण वाचले, तरी घेतले नाहीत, आणि का घेतले नाहीत. माशातले काटे काढत जेवावं तसे ते त्या तक्त्यावरून बोट फिरवायचे. एखादं कारण पटलं की मान डोलवायचे, नाही पटलं की "हूं" करून पुढं जायचे. सगळा तक्ता संपला की मग पहिलं पान.

मी एकदा विचारलं, "सर, हे उलटं नाही का?"

"काऊन उलटं? माणूस काय घेते त्यावरून तो कळत नाही बे. काय नाकारते अन् कारण काय देते, त्यात सापडते."

सर मूळचे नागपूरचे. सिंगापुरात त्यांना इतकी वर्षं झाली होती की टॅक्सीवाल्याशी ते अस्सल सिंगलिशमध्ये, म्हणजे तिथल्या 'लाह' लावलेल्या इंग्रजीत, भांडायचे, पण मराठी मात्र जशी आणली तशी जपून ठेवलेली. वर्गात इंग्रजी. वर्गाबाहेर मी एकटा तावडीत सापडलो की, "काय पुणेकर, काय करून राहिला?" मी पुण्याचा असणं हा गुन्हा नसून आजार आहे आणि त्यावर अजून औषध निघालेलं नाही, असा सूर. शरीरयष्टी काटकुळी, शर्टाचं वरचं बटण कायम लावलेलं, खिशात कायम एक पेन्सिल. लग्न केलेलं नव्हतं. त्याचंही कारण त्यांनी मला न विचारता सांगितलं होतं: "मले कोणी विचारलं नाही, अन् मी ज्यांले विचारलं त्यांनी नाही म्हटलं. दोन्ही लिहून ठेव."

मी त्यांच्याकडे कसा पोचलो, तर एका चित्रामुळे. जुरोंग आयलंडवरच्या एका केमिकल प्लांटमध्ये मी पाळीचा इंजिनियर होतो. कंपनीची बस, गेटवर पास, आणि आठवड्याआड बदलणारी पाळी. माझ्या मुलीला शाळेत 'माय फॅमिली' असं चित्र काढायला सांगितलं. तिनं आई काढली, स्वतःला काढलं, मत्स्यालयातला मासा काढला आणि कोपऱ्यात मला काढलं, आडवा, पांघरुणासकट. मी म्हटलं, "अगं, बाबा उभा का नाही?" तर म्हणाली, "बाबा ऑल्वेज स्लीपिंग, लाह." बायकोनं ते चित्र काहीही न बोलता फ्रिजवर लावलं. तिचा टोमणा मारायचा हाच मार्ग आहे. बोलली असती तर मी उत्तर दिलं असतं.

पाळीतून सुटायचा रस्ता एकच होता. प्लांटच्या सेफ्टी विभागात दिवसाची जागा होणार होती आणि त्यासाठी कामगार-आरोग्यातली मास्टर्स हवी होती. म्हणून मी नोकरी सांभाळून विद्यापीठात नाव घातलं. शेवटी एक प्रबंध होता. तो पास झाला तर दिवसाची नोकरी. नाही झाला तर फ्रिजवर मी आडवा तो आडवाच.

प्रबंध सरांकडे होता. ते शिकवायचे ती विद्या ऐकायला सोपी आहे. एक प्रश्न ठरवायचा. त्या प्रश्नावर जगात जेवढे अभ्यास झाले असतील तेवढे शोधायचे, छापलेले, न छापलेले, कपाटात पडलेले. ते आधी ठरवलेल्या निकषांनी चाळायचे. जे उरतील त्यांचे आकडे एकत्र मांडून एक उत्तर काढायचं, त्याला मेटा-अॅनालिसिस म्हणतात. चाळणी दोघांनी स्वतंत्रपणे करायची, एकमेकांना न विचारता. जिथं दोघांचं जुळणार नाही तिथं तिसऱ्यानं निकाल द्यायचा. सर हे सगळं एका वाक्यात सांगायचे: "आधी भूक लिही, मग ताट पाह्य."

आता, शहाणा माणूस प्रश्न असा निवडतो की ज्याची उत्तरं ढिगानं पडलेली असतील. मी ताक निवडलं.

त्याचं असं झालं की प्लांटमध्ये उन्हात, जाड सूट घालून काम करणाऱ्यांना कंपनी आयसोटॉनिकचे, म्हणजे साखर-क्षार घातलेल्या पेयाचे, डबे देते. मी घरून थर्मासमधून ताक न्यायचो, जिरेपूड-मीठ घातलेलं. माझा बॉस, इथलाच चिनी माणूस, एकदा घोट घेऊन म्हणाला, "सो सावर! हाऊ टू ड्रिंक?" मी त्याला ताकाची थोरवी ऐकवली. आजी, आयुर्वेद, पेशवाई, सगळं आलं. तो शांतपणे म्हणाला, "ओके. प्रूव्ह लाह."

मी तेच सरांपुढं ठेवलं: कारखान्यात उन्हात काम करणाऱ्यांना आयसोटॉनिकऐवजी ताक दिलं तर उष्णतेचा त्रास कमी होतो का? वर निकष असे घट्ट आवळले की माझं मलाच कौतुक वाटलं. कामगार कारखान्यातलेच. ताक म्हणजे ताकच, दूध नव्हे, लस्सी नव्हे. तुलना आयसोटॉनिकशीच. कोणाला काय द्यायचं ते चिठ्ठ्या टाकूनच ठरवलेलं.

सरांनी वाचलं. पेन्सिल कानावर ठेवली. "भूक मोठी स्पेशल आहे तुझी."

"बदलू का, सर?"

"मी कायले सांगू? भूक तुझी आहे."

हा इशारा होता, हे मला बऱ्याच महिन्यांनी कळलं.

तोआ पायोह वस्तीतल्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या स्टॉलांच्या मंडईत, सर रोज जेवायचे. तिथंच जवळ त्यांचा भाड्याचा फ्लॅट होता. सिंगापुरात हॉकर सेंटरला टेबल धरायची एक रीत आहे. आपण ताट आणायला जाताना रिकाम्या खुर्चीसमोर टिश्यूचं पाकीट ठेवायचं, की झालं, जागा आपली. चोप केली म्हणतात. टिश्यूपुढं इथं मंत्रीसुद्धा उभा राहील. सरांना ही रीत मान्य होती, फक्त अर्धी. ते टिश्यू ठेवायचे आणि त्याखाली कागदाचा चिटोरा: 'सीट टेकन. रीझन: ओनर क्यूइंग फॉर फिश सूप.'

मी म्हटलं, "सर, टिश्यू पाहून लोकांना कळतं."

"जागा नाही, हे कळते. काऊन नाही, हे कुठं कळते?"

ताटं उचलणाऱ्या आजीबाई तो चिटोरा मोठ्यानं वाचून शेजारच्या टेबलाला सांगायच्या, "धिस अंकल वेरी क्लिअर, हॉर." एखादे दिवशी रांग लांबली तर सर परत येऊन चिटोऱ्यात दुरुस्ती करायचे: 'स्टिल क्यूइंग.' मला त्यांच्याबरोबर बसायची लाज वाटायची. मग फिश सूप यायचं आणि लाज जायची.

हाच माणूस आमच्या घरी दिवाळीला यायचा होता. बायकोनं फोन केला. सर म्हणाले, "नाही येत, वहिनी. कारण: तुमच्याकडे श्रीखंड असन, ते मले आवडत नाही, अन् तुमच्यासमोर नाही म्हणता येणार नाही." बायकोनं फोन ठेवला. तिच्या श्रीखंडाला आजवर कोणी नाही म्हटलेलं नव्हतं. दिवसभर ती धुमसत होती. संध्याकाळी म्हणाली, "तुझे मित्र 'बघतो, जमलं तर येतो' म्हणतात आणि मी पुऱ्या तळून ठेवते. हा माणूस निदान कारण तरी सांगतो." पुढच्या दिवाळीला तिनं सरांसाठी चिवडा वेगळा काढला आणि ते आले.

चाळणीच्या कामात माझी जोडीदारीण वर्गातलीच एक नर्स होती. चिनी सिंगापुरी, बोलायला तिखट. तिला सगळे सिस्टर म्हणायचे, मीही म्हणतो. ती माझ्या प्रबंधाची दुसरी वाचक, मी तिच्या. शोधातून आलेले सारांश ढिगानं होते. ताकाचे थोडेच, पण उष्णता, कामगार, पेय असे शब्द टाकले की अख्खं जग जाळ्यात येतं. नियम असा की दोघांनी सगळाच्या सगळा ढीग वाचायचा. मी सिस्टरला सुचवलं की आपण अर्धा अर्धा वाटून घेऊ आणि निकाल एकमेकांचे उतरवू. वेळ अर्धा. हे मला तेव्हा इंजिनियरिंग वाटलं होतं.

"कॅन मेह?" चालेल का असं, सिस्टरनं शंकेनं विचारलं.

"कॅन, कॅन," मी म्हणालो.

सरांनी दोघांच्या याद्या शेजारी ठेवल्या. वरपासून खालपर्यंत बोट नेलं. मग चष्मा काढला.

"यू टू अग्री ऑन एव्हरीथिंग?"

"येस, सर," मी अभिमानानं.

सर सिस्टरकडे वळले. "आर यू मॅरीड?"

"येस, प्रोफ."

"डू यू अग्री विथ युअर हजबंड ऑन एव्हरीथिंग?"

"वेअर गॉट!" म्हणजे छे, कुठलं काय, असं सिस्टर भाबडेपणानं म्हणाली आणि दुसऱ्याच क्षणी तिनं माझ्याकडे जे पाहिलं ते मी अजून विसरलेलो नाही. सर मला मराठीत म्हणाले, "चोरी कराची तर दोन-चार भांडणं तरी टाकाची मधात. इतकं जमलं तर कोणालेही शंका येईन." सगळा ढीग पहिल्यापासून वाचावा लागला. मी कंपनीच्या बसमध्ये वाचायचो, जाताना आणि येताना. सिस्टर दोन आठवडे माझ्याशी फक्त ईमेलवर बोलली. दुसऱ्या खेपेला आमची इतकी भांडणं निघाली की तिसरा वाचक म्हणून सरांना अख्खा शनिवार द्यावा लागला. ते खूष होते. "आता कसं माणसांसारखं वाटून राहिलं," म्हणाले.

चाळण्या झाल्या. मूठभर निबंध उरले ते पूर्ण मिळवले, पूर्ण वाचले. मग एकेक गळायला लागला. एकात ताक होतं पण कामगार नव्हते, खेळाडू होते. एकात कामगार होते पण पेय दूध होतं. एकात ताकही होतं, कामगारही होते, पण शेतातले. एकात चिठ्ठ्या टाकलेल्या नव्हत्या, ज्याला जे हवं ते तो प्यायला होता. रविवारी दुपारी सिस्टरच्या इमारतीच्या खालच्या मोकळ्या जागेत, दगडी टेबलाशी बसून मी आणि सिस्टरनं शेवटचा निबंध बाद केला. दोघं स्वतंत्रपणे. या वेळी मात्र आमचं एकमत होतं.

उरले शून्य.

मी हिशेब परत केला. शून्यच. आकडे एकत्र मांडायची विद्या शिकायला आलो होतो आणि मांडायला आकडाच नव्हता. सिस्टर म्हणाली, "अलामाक. हाऊ?" म्हणजे अरे देवा, आता कसं. मी घरी गेलो. फ्रिजवर मी आडवा होतो.

दुसऱ्या दिवशी सरांपुढं जाऊन बसलो आणि तयारी करून आणलेलं भाषण काढलं. "सर, निकष जरा सैल करू. ताकाच्या ऐवजी 'दुधापासूनचं कुठलंही पेय' म्हणू. मग दुधाचा तो एक आत येतो."

"ताट पाहून भूक बदलून राहिला?"

"पण बदलता येतं ना? तुम्हीच शिकवलंय. बदल जाहीर करायचा आणि कारण लिहायचं."

"हाव. लिही नं कारण."

"काय लिहू?"

"जे आहे ते. 'काहीच सापडलं नाही म्हणून बदललं, नाही तर नापास होतो.' लिही. छापतो आपण."

मी नाही लिहिलं.

"मग शून्य तर शून्य," सर म्हणाले. "शोधलं अन् नाही सापडलं, हेही सापडणंच आहे. पण मग तुझा सगळा प्रबंध म्हणजे तो मागचा तक्ता. दुसरं काही नाही त्यात. आण तो."

मी तक्ता पुढं केला. मला तो चांगला साधला आहे असं वाटत होतं. प्रत्येक निबंधाचं नाव, लेखक, आणि कारणाच्या रकान्यात, वरपासून खालपर्यंत, एकच: 'नॉट सुटेबल.' सुबक दिसत होतं.

सरांनी पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. दुसऱ्या. तिसऱ्या. मग बोट उचललं.

"सुटेबल नाही म्हणजे काय?"

"म्हणजे... बसत नाही, सर. निकषात."

"कोणत्या?"

"तो ज्याच्या त्याच्या..."

"मी मरीन परेडले गेलो होतो एकदा," सर म्हणाले. विषय बदलला असं मला वाटलं. "नवा नवा होतो इथं. एका मराठी घरात खोली होती भाड्यानं. कॉन्डो. फोनवर बाई मस्त बोलल्या. मराठी माणूस म्हणून खूष. मी सांगतलं, मटण खातो पण तुमच्या किचनमध्ये नाही करणार. म्हणे चालते. पाहाले गेलो. चहा दिला. खोली दाखवली, खिडकीतून समुद्र दिसे जरासा. सगळं पक्कं. मग साहेबांनी विचारलं, पूर्ण नाव काय? फोनवर मी पहिलंच नाव सांगतलं होतं. आडनाव सांगतलं. मग घरी फोटो कोणाचा लावता, म्हणे. तेही सांगतलं. चहा संपला. दुसऱ्या दिवशी मेसेज." त्यांनी माझ्या तक्त्यावर पेन्सिल टेकवली. "हाच. 'सॉरी, नॉट सुटेबल फॉर यू.' हा शब्द मले ओळखते बे."

अशा वेळी गप्प बसावं. मला गप्प बसता येत नाही. शांतता झाली की मी तिच्यात काही तरी टाकतो. मी म्हणालो, "कदाचित खरंच दुसरं कोणी मिळालं असेल, सर."

सर माझ्याकडे बघून हसले. रागावले असते तर बरं झालं असतं.

"असू शकते. समुद्र दिसे, म्हणजे गिऱ्हाईक असनच. मी सिगरेट पीत नव्हतो, पगार वेळेवर होता, रात्री घोरत असन तर ते त्यांले माहीत नव्हतं. मी अजून शोधून राहिलो काय सूट नव्हतं. म्हणजे शोधाची गरज नाही, तुलेही माहीत आहे अन् मलेही. पण लिहिलं नाही त्यांनी. लिहिलं असतं तर मी भांडलो असतो. हरलो असतो कदाचित. पण भांडाले काही तरी हातात तर पाहिजे. कारण नाही लिहिलं की दोघांची सोय होते. त्यांची होते. अन् 'दुसरं कोणी मिळालं असन' म्हणाले तुझ्यासारख्याचीही होते."

मी तक्ता उचलला. दारापर्यंत गेलो तेव्हा सर मागून म्हणाले, "शेतमजुराचा जो आहे, त्याचं कारण नीट लिही. तो तुझ्या ताकाच्या सगळ्यात जवळचा आहे. जवळच्याले नाकारताना जास्त लिहा लागते."

मी सगळे निबंध परत वाचले. या खेपेला प्रत्येकापुढं लिहिलं: कोणता निकष, निबंधाच्या कोणत्या पानावर, कोणत्या वाक्यावरून. जिथं लेखकांनी चिठ्ठ्या टाकल्या की नाही ते धड लिहिलं नव्हतं, तिथं त्यांना पत्र घालून विचारलं आणि उत्तर येईपर्यंत थांबलो. शेतमजुरांच्या अभ्यासापुढं तर अर्धं पान झालं. सिस्टरनं ते वाचून म्हटलं, "वा, यू ब्रेकिंग अप विथ हिम, इझ इट?"

तोंडी परीक्षेला बाहेरून एक बाई आल्या होत्या. त्यांनी प्रबंध बंद करून पुढ्यात ठेवला आणि म्हणाल्या, इंग्रजीत, अगदी सौम्यपणे, "तुम्ही मेटा-अॅनालिसिस शिकायला आलात आणि तुमच्यापाशी एकही अभ्यास नाही. मी कशाला मार्क देऊ?"

मी सरांकडे पाहिलं. सर मार्गदर्शक म्हणून कोपऱ्यात बसले होते आणि मार्गदर्शकानं परीक्षेत बोलायचं नसतं, म्हणून खिडकीबाहेर बघत होते. मी म्हणालो, "मॅडम, मागून वाचाल का?"

बाईंनी भुवया उंचावल्या, पण शेवटची पानं उघडली. वाचायला लागल्या. मग माझ्याशी भांडायला लागल्या. हा दुधाचा का नाकारला? दूध आंबवलेलं असतं तर? मी पान दाखवलं. या चिठ्ठ्यांचं काय? मी लेखकाचं उत्तर दाखवलं. शेवटी त्या शेतमजुरांवर आल्या आणि तिथं पक्क्या अडल्या. "ऊन ते ऊन. शेतातलं काय आणि कारखान्यातलं काय?"

"मॅडम, शेतात माणूस घामाचा शर्ट काढून झाडाखाली बसू शकतो. आमच्याकडे सूट उतरवायला परवानगी लागते. तुम्हाला हा फरक क्षुल्लक वाटत असेल तर तो अभ्यास आत घ्या. निकाल काय बदलेल तेही खाली लिहिलंय."

त्यांनी खाली वाचलं. बराच वेळ. "माझं मत वेगळं आहे," त्या म्हणाल्या, "पण मी कशाशी असहमत आहे ते मला नेमकं कळतंय." आणि कागदावर काही तरी लिहिलं. सर अजूनही खिडकीबाहेरच बघत होते, पण पेन्सिल कानावरून काढून खिशात टाकली होती.

इथं मी उठायला हवं होतं. पण प्रबंधाच्या शेवटी सगळे घालतात ते वाक्य मीही घातलं होतं, 'या विषयावर अधिक संशोधनाची गरज आहे.' सरांना त्या वाक्याचा तिटकारा होता, म्हणून मी ते त्यांना शेवटचा मसुदा दाखवून झाल्यावर हळूच घुसवलं होतं. बाईंनी ते मोठ्यानं वाचलं. कोपऱ्यातून, नियम मोडून, आवाज आला:

"हू विल डू इट?"

खोलीत शांतता झाली. आणि शांतता झाली की माझं काय होतं ते वर सांगितलंच आहे.

"आय विल, सर," मी म्हणालो.

बाई हसल्या. मी पास झालो. सेफ्टीची दिवसाची जागा मिळाली. मुलीनं नवं चित्र काढलं नाही, तिचं ते वय गेलं होतं. पण एक दिवस जुन्या चित्रातल्या आडव्या बाबाला तिनं स्केचपेननं डोळे काढले, उघडे. फक्त आता मला ताकाचा प्रयोग करायचा होता.

परवानग्या काढण्यात पुष्कळ काळ गेला. बॉस म्हणाला, "कॅन. बट यू कॅरी युअरसेल्फ, लाह." प्लांटमधल्या स्वखुशीनं नावं दिलेल्या कामगारांच्या चिठ्ठ्या टाकल्या: या गटाला ताक, त्या गटाला आयसोटॉनिक. ताक मी घरून आणायचो. बायको विरजणं लावून लावून थकली. सरांना म्हटलं, तुमचंही नाव घालू या लेखक म्हणून. ते म्हणाले, "नको. कारण: मी ताक घुसळलं नाही."

ताक भराभर संपायचं. मी सरांना रोज फोन करून सांगायचो. चिनी कामगारसुद्धा थेंब ठेवत नाहीत, सर! बॉसलाही ऐकवलं. प्रयोग संपल्यावर ताकगटातल्या एका वयस्क चिनी फिटरला मी विचारलं की ताक आवडलं ना. तो जरा घुटमळला. मग कळलं. पहिल्याच दिवशी त्यानं एक घोट घेतला होता आणि आयसोटॉनिकगटातल्या तमिळ वेल्डरला विचारलं होतं, अदलाबदल करतोस का? वेल्डर म्हणाला, हे तर आमचं मोर (तमिळमध्ये ताकाला मोर म्हणतात), आण इकडे. त्या दिवसापासून दोन्ही गटांनी आपापसात गोडीनं बदलून घेतलं होतं. कोण काय प्यालं, देव जाणे.

"मग मला सांगितलं का नाही?"

"सर, यू एव्हरी डे कम, सो हॅपी," फिटर म्हणाला. "हाऊ टू टेल?"

मी सरांना वाटलं तसं सांगितलं, म्हणजे रडवेल्या सुरात. ते इतका वेळ हसले की त्यांना खोकला आला. मग म्हणाले, "जसं झालं तसं लिही. अदलाबदलीसकट." लिहिलं. एका छोट्या नियतकालिकानं ते छापलंही.

नंतर सर निवृत्त होऊन नागपूरला गेले. निरोपाला हॉकर सेंटरच्या आजीबाईंना त्यांनी चिटोरा दिला होता म्हणे: 'सीट नाऊ फ्री. रीझन: ओनर गोइंग होम.' आजीबाईंनी तो फिश सूपच्या स्टॉलवर चिकटवून घेतला. मी पाहिला आहे.

आणि एका सकाळी मी कंपनीच्या बसमध्ये असताना त्यांचा फोन आला. हॅलो नाही, काही नाही.

"पुणेकर! तुझं नाव आलं बे छापून!"

"कुठं, सर?"

"उन्हात काम करणाऱ्यांच्या पेयांवर कोणीतरी मोठा रिव्ह्यू केला. आताच आला. मी मागून वाचून राहिलो. वगळलेल्यांत आहे तू!"

आनंदानं त्यांचा आवाज फुटत होता. मी विचारलं, "का वगळलं?"

"ऐक." आणि त्यांनी वाचून दाखवलं, एकेक शब्द चाखत: दोन्ही गटांतील सहभागींनी पेयांची परस्पर अदलाबदल केल्याचे लेखकाने स्वतः नोंदवले आहे, त्यामुळे कोणत्या गटाने काय घेतले हे ठरवता येत नाही. "एक नंबर कारण! भांडणार का त्यांच्याशी?"

मी विचार केला. बस पुलावर चढत होती, दोन्ही बाजूंनी समुद्र. "नाही, सर. बरोबर आहे त्यांचं."

"मंग झालं तर."

फोन ठेवतील असं वाटलं, पण ठेवला नाही. मग म्हणाले, "नशीबवान आहे तू. तुले दोन ओळी भेटल्या."

शांतता झाली. मी तिच्यात काही टाकलं नाही.